डोलकाठी उभी करताना



समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या जालन्यात डोलकाठीचा विषय आम्ही कशाला काढला, असे आपणांस वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. आणि शिडाची लहान होडी आता जीपमागे गाड्यावर घालून कोणत्याही जलाशयाकाठी नेता येते. वाटेत तिची डोलकाठी आडवी असते. काठावर पोचल्यावर ती उभी करावयाची.

प्रथम बुंधा बैठकीत खिळीने अडकवावा व बाजूचे ताण बांधावेत. आता पुढचा दोर कितीही ओढला तरी काठी सहसा उठत नाही. कारण दोर काठीला जवळजवळ समांतर असतो. आपले बळ तिला उचलण्याऐवजी बुंध्याकडे दाबते. म्हणून बुंध्याशी एक आखूड काठी उभी धरून दोर तिच्या शेंड्यावरून घेतात. मग थोडके बळही पुरते. पुढचा ताण पक्का झाल्यावाचून मात्र दोर सोडू नये.

२०१८ च्या सप्टेंबरात हिंदी महासागरातील वादळात अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' नौकेची डोलकाठी मोडली. जखमी टॉमींना फ्रेंच नौकेने सोडविले. आपल्या जलाशयावर तसे वादळ नाही. पण काठावर विजेच्या तारा असतात. हल्लीच्या बहुतेक डोलकाठ्या ॲल्युमिनियमच्या. तारेला शेंडा टेकला तर काठी धरणाऱ्याचा प्राण जाईल. तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की आधी वर पाहावे आणि मगच काठीला हात घालावा.