ध्वनिमुद्रण उघडत नाही तेव्हा
(भाषणाचा मजकूर)

ग्रामसभेतील चर्चा, शाळेतील समूहगान, गावातील वयोवृद्ध स्त्रियांच्या कंठातील जात्यावरच्या ओव्या, या सर्वांचे ध्वनिमुद्रण आता कोणाच्याही मोबाईलवर होऊ शकते. मुद्रण सोपे झाले. ते पुढे उपयोगात आणणे मात्र तितकेसे सोपे राहिलेले नाही. संपादनासाठी फाईल संगणकावर घ्यावी आणि ती उघडूच नये, असा अनुभव शिक्षकांना व पंचायतींच्या कर्मचाऱ्यांना वारंवार येतो. मग ती बिघडली असे समजून पुसून टाकली जाते. वस्तुतः पुष्कळदा फाईल शाबूत असते. ती ज्या पद्धतीने लिहिलेली आहे ती पद्धत त्या संगणकाला अवगत नसते, इतकेच.

ऑडॅसिटी या विनामूल्य संपादन-प्रणालीचे उदाहरण घेता येईल. सन २००० मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. वेव्ह, एमपी-३, ऑग व फ्लॅक या प्रकारांच्या फाईली ती सहज उघडते. परंतु मोबाईलवरील मुद्रणे बहुधा एम-४-ए किंवा एएमआर या प्रकारांत असतात. त्यांसाठी विंडोजच्या संगणकावर एफएफएमपेग नावाचे साहाय्यक ग्रंथालय वेगळे बसवावे लागते. ते मूळ प्रणालीसोबत दिले जात नाही, याचे कारण तांत्रिक नसून पेटंटविषयक आहे. ते एकदा बसविले की तीच ‘बिघडलेली’ फाईल निमूटपणे उघडते.

येथे एक चुकीचा उपाय फार प्रचलित आहे. फाईलच्या नावाचे शेवटचे अक्षरसमूह बदलून एम-४-ए ऐवजी एमपी-३ असे लिहिले जाते. पाटी बदलल्याने दुकानातील माल बदलत नाही. प्रकार ठरतो तो फाईलच्या आतील रचनेवरून. वेव्ह फाईलच्या आरंभीच तिची ओळख सांगणारी अक्षरे लिहिलेली असतात. नाव बदलण्याने साधते एवढेच की, ती मूळची कोणत्या प्रकारची होती हे पुढच्या माणसाला कळेनासे होते.

दुसरा गैरसमज गुणवत्तेविषयीचा. एएमआर हा प्रकार दूरध्वनीवरील संभाषणासाठी घडविला गेला. त्याच्या सामान्य रूपात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, तर कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ते ४४,१०० असतात. तासाभराची एएमआर फाईल पाच-सहा मेगाबाइटांत मावते. डिस्कच्या दर्जाच्या वेव्ह फाईलला सहाशेहून अधिक लागतात. मात्र एएमआरचे वेव्हमध्ये रूपांतर केल्याने गेलेला आवाज परत येत नाही. पाणी घातलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून दाट होत नाही. सभेतील बोलणे कळण्यास एएमआर पुरेल. ओवीचा सूर, तिचा हेल, मागे चालणारी जात्याची घरघर यांसाठी ते पुरणार नाही. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; त्यांतील ज्यांचे ध्वनिमुद्रण झाले त्यांत गाणारीचा आवाजही टिकला आहे. आता नव्याने जे मुद्रित होईल ते निदान वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

काम संपल्यावरची एक गफलत तर कार्यालयांत नित्याची आहे. ऑडॅसिटीत ‘जतन’ केले असता तयार होते ती प्रकल्पाची फाईल. ती साध्या वादन-प्रणालीवर वाजत नाही. अशी फाईल तालुक्याला पाठविली, तर तेथून ‘आवाज येत नाही’ असा शेरा परत येणारच. ऐकण्यायोग्य फाईलसाठी ‘निर्यात’ करावी लागते. सन २०२१ पूर्वीच्या आवृत्त्यांत तर प्रकल्पाचा आवाज शेजारच्या निराळ्या फोल्डरमध्ये ठेवला जाई. ज्या शाळांनी त्या काळचा केवळ छोटा प्रकल्प-दस्तऐवज जपला आणि फोल्डर अनावश्यक मानून काढून टाकला, त्यांच्याजवळ आज केवळ नाव उरले असणार. जुन्या संगणकांची विल्हेवाट लावण्यापूर्वी ही फोल्डरे शोधून, प्रकल्प उघडून, त्यांची वेव्ह प्रत काढून घ्यावी; आणि मोबाईलवरून आलेली मूळ फाईल, नाव न बदलता, गाव व दिनांकाच्या नोंदीसह वेगळ्या डिस्कवर ठेवावी.