पवईचे तंत्रविद्यापीठ आणि आपली मुले

(ज्ञातिसंस्थेच्या मुलुंड येथील वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने मुलांना उपदेश करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज पारितोषिके घेऊन गेलेल्या मुलांचे गुण आम्ही ऐकले आणि तो अधिकार आपला नव्हे, अशी आमची खात्री पटली. आम्हांला जे बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या आई-वडिलांशी व आजी-आजोबांशी. विषय आहे आपल्या शेजारच्या एका विद्यापीठाचा.

मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गाने नाहूर, भांडुप मागे टाकून गांधीनगरच्या नाक्यावर उजवीकडे वळले की काही मिनिटांत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या आय.आय.टी.चे, महाद्वार लागते. साठ वर्षांहून अधिक काळ ही संस्था आपल्या उशाशी आहे. परंतु उशाशी असलेल्या गोष्टीची माणूस सहसा चौकशी करीत नाही. आपल्या घरांत तिचे नाव दोनच वाक्यांत येते. पहिले, ‘अमक्यांचा मुलगा पवईला लागला’. आणि चार वर्षांनी दुसरे, ‘त्याला इतक्या लाखांचे पॅकेज मिळाले’. या दोन वाक्यांच्या मध्ये त्या आवारात काय चालते, हे आपण कधी विचारले नाही. विचारावे असे आम्हांला वाटते, आणि त्यामागे केवळ कुतूहल नाही, हे पुढे ध्यानात येईल.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९४५ साली नेमलेल्या सरकार समितीने देशाच्या चार दिशांना उच्च तंत्रशिक्षणाच्या चार संस्था असाव्यात अशी शिफारस केली. पहिली १९५१ साली खरगपूरला निघाली, दुसरी आपली. जुलै १९५८ मध्ये ३,४०० अर्जदारांतून निवडलेले १०० विद्यार्थी वरळीला रेशीम-उद्योगाच्या संशोधनसंस्थेच्या इमारतीत बसून शिकू लागले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसविली. युनेस्कोच्या मार्फत त्यावेळच्या सोव्हिएत संघराज्याने यंत्रे दिली, तज्ज्ञ पाठविले. १९६१ साली संसदेच्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. पुढील सारे वैभव आपण रस्त्यावरून पाहिलेलेच आहे.

आता आतले पाहू. सुरुवात पाण्यापासून करतो, कारण त्यात आपलाही भाग आहे.

आपल्या घरच्या नळाला जे पाणी येते ते शहापूर तालुक्यातून येते. तानसेचे धरण १८९२ साली पुरे झाले, भातसाही त्याच तालुक्यात. मुंबईची तहान भागविणाऱ्या त्या डोंगराळ मुलखात चैत्र-वैशाखात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट आपल्यापैकी ज्यांचे मूळ गाव त्या बाजूला आहे त्यांना सांगावयास नको. पवईच्या संस्थेत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे एक केंद्र १९८५ सालापासून आहे. तेथील विद्यार्थी गावांत जाऊन राहतात, विहिरींची पातळी मोजतात, नळयोजना कागदावर कशी होती आणि जमिनीवर कशी आहे याची नोंद करतात. शहापूर, मोखाडा, कर्जत या भागांतील पाण्याचे त्यांनी केलेले अभ्यास पाहावेत असे आहेत. नळ आहे परंतु पाणी नाही, असे का होते, हा त्यांचा प्रश्न.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दहा गावांची एक योजना घ्या. पंपाने पाणी उंचावरच्या टाकीत चढवावयाचे आणि तेथून उताराने गावोगाव सोडावयाचे. नळ जाड घेतला तर पैसा फार लागतो. बारीक घेतला तर घर्षणाने पाण्याचा दाब मरतो आणि शेवटच्या गावाची तोटी कोरडी राहते. प्रत्येक टप्प्याला कोणत्या व्यासाचा नळ घालावा? टप्पे दहा आणि बाजारात मिळणारे आकार दहा धरले तरी पर्यायांची संख्या एक हजार कोटी होते. कोणताही अभियंता हे हाताने तपासू शकणार नाही. तो अनुभवाने अंदाज करतो, आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत शेवटच्या गावातील बाई डोक्यावर हंडा घेऊन मोजते. पवईचे प्राध्यापक ओम दमाणी यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘जलतंत्र’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. ती सर्व गावांना पुरेसा दाब राखून सर्वांत स्वस्त जुळणी शोधून देते. दमाणी हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक. ज्या संगणकविद्येकडे आपण केवळ परदेशच्या नोकरीची शिडी म्हणून पाहतो, ती येथे आदिवासी पाड्याच्या नळाला जुंपलेली आहे.

याच केंद्रात मिलिंद सोहोनी यांनी अनेक वर्षे काम केले. तेही मूळचे संगणकशास्त्राचे. पवईचेच माजी विद्यार्थी व शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक केतन मुळमुळे यांच्याबरोबर त्यांनी २००१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय गणितातील एका अत्यंत अवघड कोड्याचा: एखादे उत्तर बरोबर आहे की नाही हे चटकन तपासता येत असेल, तर ते उत्तर चटकन शोधताही येते काय? या कोड्याला दहा लाख डॉलरांचे बक्षीस लागलेले असून ते अद्याप कोणी जिंकलेले नाही. या कोड्याकडे भूमितीच्या वाटेने जाण्याचा मार्ग या दोघांनी आखला. असा मनुष्य पुढे मोखाड्याच्या टँकरचा हिशेब करीत बसतो, हे ऐकून आपल्यातील काही जण म्हणतील की विद्या वाया गेली. आम्हांला उलट वाटते. विद्यापीठाचा विस्तार इमारतींवरून मोजू नये, अशा एका माणसाच्या वहीवरून मोजावा.

दुसरे उदाहरण रोगाचे. रक्ताच्या काही कर्करोगांवर एक नवी उपचारपद्धती आली आहे. रुग्णाच्या रक्तातील संरक्षक पेशी काढून घ्यावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून त्यांच्यात एक नवे जनुक घालावयाचे, त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवावयाच्या आणि पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडावयाच्या. पूर्वी शत्रूला न ओळखणारा पहारेकरी आता ‘सीडी-१९’ नावाच्या प्रथिनाची खूण पाहून रोगट पेशी नेमकी हेरतो. अमेरिकेत हा उपचार काही कोटींच्या घरात जातो. पवईच्या जीवशास्त्र व जैवअभियांत्रिकी विभागात प्राध्यापक राहुल पुरवार यांनी परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या सहकार्याने तो येथे विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईला येऊन त्याचे लोकार्पण केले. खर्च परदेशच्या सुमारे दशांश आहे. तरीही तो काही लाखांत जातो आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, हे सांगितले पाहिजे. परंतु कोटींचे लाख झाले; लाखांचे हजार कसे होतील, हाही संशोधनाचाच विषय आहे. अभियांत्रिकीच्या संस्थेत कर्करोगाचा उपचार शोधला जातो, ही गोष्ट मुलाला ‘डॉक्टर की इंजिनिअर’ असे दोनच दरवाजे दाखविणाऱ्या पालकांनी लक्षात घ्यावी.

आणि अक्षरे! आपण खिशातील नोटेवर, दुकानातील पाटीवर रुपयाचे जे चिन्ह पाहतो ते १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे हे चिन्ह रेखाटणारे उदय कुमार यांनी पवईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन केले होते. त्यांचा विषय काय होता? तमिळ मुद्रणातील अक्षरांची घडण. या विषयाला नोकरी कोण देणार, असे कोणाही काकाने विचारले असते. त्याच केंद्रात आपले कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी अनेक वर्षे शिकविले. संगणकावरील ‘मंगल’ हे देवनागरी वळण त्यांच्या हातचे. येथे शंकर आबाजी भिसे यांची आठवण होते. मुंबईत जन्मलेल्या या प्रज्ञावंताने खिळे ओतण्याचे यंत्र शोधले, लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा आधार घेतला, पुढे अमेरिका गाठली आणि १९३५ साली न्यूयॉर्कला देह ठेवला. त्यांच्या पाठीशी पवईसारखी संस्था नव्हती. जन्मभर ते भांडवलदारांची दारे ठोठावीत राहिले.

उपग्रहाचीही एक गोष्ट सांगून टाकतो. ‘प्रथम’ नावाचा सुमारे दहा किलोचा उपग्रह पवईच्या विद्यार्थ्यांनी बांधला. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत्कणांची मोजदाद करणे हे त्याचे काम. कल्पना २००७ ची, उड्डाण झाले २६ सप्टेंबर २०१६ ला, श्रीहरिकोट्याहून. ज्यांनी पहिला कागद काढला ते तोपर्यंत पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. मागून आलेल्यांनी काम पुढे नेले. नऊ वर्षे!

एवढे ऐकून कोणास वाटेल की येथे सारे नव्याचेच कौतुक आहे. तसे नाही. याच संस्थेत प्राध्यापक के. रामसुब्रमण्यन आणि त्यांचे सहकारी संस्कृतातील जुने गणित व ज्योतिष वाचतात, त्यांची शास्त्रशुद्ध भाषांतरे करतात. भास्कराचार्यांवर विद्वानांच्या लेखांचा ग्रंथही त्यातून निघाला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. विद्येसाठी वेगळी जागा आणि वेगळा निधी राखून ठेवावा, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही.

वर जी नावे घेतली त्यांतील कोण कोणत्या ज्ञातीचे, हे आम्ही पाहिले नाही. आपल्या स्मरणिकेची रीत तशी नाही हे ठाऊक आहे. परंतु ही मोजणी या विषयाला लागू पडत नाही.

आता मूळ मुद्दा. या संशोधनाचा फार मोठा भाग पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. आणि त्यांतील पुष्कळ जण ज्या प्रवेशपरीक्षेसाठी आपण मुलाला आठवीपासून शिकवणीला घालतो त्या दाराने आलेले नसतात. विज्ञानाचा साधा पदवीधर ‘जॅम’ परीक्षा देऊन तेथे एम.एस्सी.ला जाऊ शकतो. रसायन, भौतिकी, गणित, भूगर्भशास्त्र असे विषय आहेत. पुढे संशोधनाची वाट मोकळी होते. आपल्या मुलुंड-ठाण्याच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी. करणाऱ्या किती मुलांना हे कोणी सांगितले आहे?

गेल्या वर्षी आपल्याच एका कुटुंबातील मुलीला या मार्गाने रसायनशास्त्रात प्रवेश मिळाला. तिने संस्थेकडे शिष्यवृत्तीचा अर्ज केला. आपल्या निधीच्या नियमात ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रम’ असे शब्द आहेत. अर्ज नियमात बसला नाही. समितीला दोष नाही, तिने लिहिलेले वाचले. घरीही आजीने विचारले, ‘बाई, अजून किती शिकणार?’ त्या प्रश्नात माया होती, तशी भीतीही होती. वय निघून जाईल ही एक, आणि पैसा कोठून येणार ही दुसरी.

पहिल्या भीतीवर आमच्यापाशी औषध नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, आणि ती झाली म्हणजे प्राध्यापकाची खुर्ची ठेवलेलीच असते असेही नाही. दुसऱ्या भीतीविषयी मात्र आकडा सांगता येतो. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात; २०१८ साली जाहीर झालेली पंतप्रधान अधिछात्रवृत्ती त्याहून मोठी, दरमहा ७०,००० पासून पुढे. म्हणजे संशोधनाला लागलेले मूल घरावर ओझे होत नाही. अडचण त्याच्या अलीकडच्या दोन-तीन वर्षांची आहे: पदव्युत्तर शिक्षणाचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके, परीक्षांचे अर्ज. पुष्कळ मुले नेमकी तेथे थांबतात आणि मिळेल ती नोकरी धरतात. आपल्या निधीची रक्कम लहान आहे, परंतु या फटीपुरती ती पुरते.

म्हणून दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव ठेवीत आहोत. नियमातील ‘वैद्यकीय व अभियांत्रिकी पदवी’ या शब्दांनंतर ‘तसेच कोणत्याही विषयातील पदव्युत्तर शिक्षण व संशोधनाची पूर्वतयारी’ हे शब्द घालावेत, आणि गेल्या वर्षीचा तो अर्ज नव्या नियमाखाली प्रथम विचारात घ्यावा. अनुमोदक मिळाले आहेत. मते आपण द्यावयाची आहेत.

दुसरी सूचना मुलांसाठी. डिसेंबरात पवईला तेथील विद्यार्थ्यांचा ‘टेकफेस्ट’ भरतो आणि त्याची प्रदर्शने बाहेरच्यांनाही पाहता येतात. आठवी ते बारावीच्या मुलांना तेथे नेण्याची व्यवस्था आम्ही करू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे आज जेवणाच्या पंगतीपूर्वी चिटणीसांकडे द्यावीत. आजी-आजोबांनाही मनाई नाही. मात्र आवार मोठे आहे, चालावे पुष्कळ लागेल.