माशांची ॲलर्जी : समज, गैरसमज आणि दक्षता

(वार्षिक सभेच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मालेगाव समुद्रापासून दूर असले, तरी मासे येथील जेवणाला परके नाहीत. धरणांतील रोहू-कटला, मुंबईहून बर्फात येणारे बांगडे आणि बाजारातील सुकट-बोंबील आपल्या परिचयाचे आहेत. त्याबरोबरच ‘मासे बाधतात’, ‘उष्ण पडतात’, ‘मछली की ॲलर्जी है’ हे शब्दही आपण नेहमी ऐकतो. या शब्दांआड निरनिराळे विकार दडलेले असतात. ते वेगळे ओळखणे का आवश्यक आहे, हेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

खरी ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने निरुपद्रवी प्रथिनास शत्रू मानणे. या ज्ञानाचा पाया माशानेच घातला. १९२१ साली त्या वेळच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे डॉ. हाइन्झ क्यूस्टनर यांना शिजवलेला मासा सोसत नसे. त्यांच्या रक्तातील रक्तद्रव डॉ. कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांध उठली. ॲलर्जीचे कारण रक्तातच असते, हे त्यावरून सिद्ध झाले. १९६६-६७ च्या सुमारास त्या घटकाची ओळख पटली. त्यास आज ‘आयजीई’ म्हणतात.

माशातील मुख्य दोषी प्रथिन म्हणजे पार्वाल्ब्युमिन. ते माशाच्या स्नायूंत असते आणि शिजवल्याने, तळल्याने सहसा निष्प्रभ होत नाही. अतिसंवेदनशील व्यक्तीस मासे शिजताना उठणारी वाफही बाधू शकते. हे प्रथिन गोड्या व खाऱ्या पाण्यातील अनेक माशांत सारखेच असल्यामुळे एक मासा सोडून दुसरा खाणे नेहमीच सुरक्षित ठरत नाही. कोळंबीचे प्रथिन मात्र वेगळे, ट्रोपोमायोसिन. ते कोळंबीतील प्रमुख ॲलर्जीकारक असल्याचे दाखविणाऱ्या १९९३ च्या संशोधनात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा सहभाग होता. म्हणून कोळंबी न सोसणाऱ्यास मासे सोसतही असतील. त्याची खात्री तपासणीनेच करावी.

आता दुसरा विकार. बांगडा, तारली, कुपा या माशांना पुरेसा बर्फ न मिळाल्यास जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. मुंबई ते मालेगाव हा सुमारे २८० किलोमीटरचा प्रवास ध्यानी घेता आपणांस हे विशेष महत्त्वाचे आहे. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोके दुखते, छाती धडधडते, अंगास खाज सुटते. हिस्टामिन शिजवून नष्ट होत नाही. ही ॲलर्जी नसून विषबाधा आहे. एका ताटातले खाऊन अनेकांना त्रास झाला, तर विषबाधेचा संशय घ्यावा. एकालाच, थोड्याशा घासानेही आणि दर वेळी त्रास झाला, तर ॲलर्जीचा.

काही समज मात्र निराधार आहेत. मासे व दूध एकत्र घेतल्याने कोड उठते, यास शास्त्रीय आधार नाही. माशांची ॲलर्जी म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, हा समज त्याहून घातक आहे. त्यापायी सीटी स्कॅनसाठी आवश्यक असलेले आयोडीनयुक्त औषध नाकारले जाते. ॲलर्जी प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे.

चुकीच्या शिक्क्यामुळे गरीब कुटुंबातील मूल उत्तम प्रथिनास मुकते. खरी ॲलर्जी दुर्लक्षिली तर प्राणावर बेतते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या, आवाज बसणे, दम लागणे, भोवळ येणे ही लक्षणे दिसू लागतात. श्वास वा रक्तदाब बिघडू लागल्यास पहिले औषध ॲड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत, वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांत कमाल ०.५ मिलिग्रॅम या मात्रेत द्यावयाचे. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. रुग्णास आडवे ठेवावे; दम लागत असल्यास बसू द्यावे; एकाएकी उभे करू नये. दम्याच्या रुग्णांत हा धोका अधिक असल्याने त्यांचा दमा आटोक्यात असणे अगत्याचे आहे.

निदानासाठी त्वचेची व रक्ताची चाचणी उपयोगी असली, तरी केवळ चाचणीवरून ॲलर्जी ठरत नाही; सविस्तर हकिगतच निर्णायक असते. म्हणून सहकाऱ्यांना आमची विनंती आहे, की केसपेपरवर ‘माशांची ॲलर्जी’ एवढेच न लिहिता कोणता मासा, किती वेळाने, कोणता त्रास आणि सोबतच्यांना काय झाले, हे नोंदवावे. नागरिकांनीही वेष्टनावरील मजकूर वाचावा. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार मासे व कोळंबीवर्गीय घटकांची सूचना तेथे देणे बंधनकारक आहे. सुट्या पदार्थांबाबत मात्र विचारूनच घ्यावे.

नेमके निदान झाले, तर कोणाचा घास वाचेल आणि कोणाचा जीव.