संक्रांतीची उठावदार भेटपत्रे
(अकलोली येथे झालेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपल्यापैकी काही जण आज सकाळी कुंडावर हातपाय धुऊन मगच या सभेस आले, हे त्यांच्या ताज्या चेहऱ्यांवरून दिसतेच आहे. तानसेच्या काठी भर पौषात गरम पाणी मिळावे, हे अकलोलीचे भाग्य होय. आजचा माझा विषय मात्र गरम नाही व मोठाही नाही. स्टेन्सिल कापून आणि कागदास उठाव देऊन मुलांच्या हातून भेटपत्रे कशी करवून घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. संक्रांत तोंडावर आली आहे आणि कार्यानुभवाच्या तासिकेत आता काय घ्यावे, हा प्रश्न आपणांपुढे असणारच.

परंतु केवळ तासिका भरून काढण्यासाठी हा विषय मी निवडलेला नाही. आपल्या हजेरीपटावर आजमितीस काही नावे अशी आहेत की ज्यांच्यापुढे रोज गैरहजेरीची खूण पडत आहे. दिवाळी आटोपली की आपल्या वाड्यापाड्यांवरील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर मुलेही जातात. अशा मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी पत्रकाची सोय केली आहे. ते आपण भरून द्यावे, कारण त्याच्या आधारे भट्टीजवळच्या शाळेत मूल बसू शकते. तथापि ते पत्रक कार्यालयाचे असते. वर्गाकडून त्या मुलास काही जाते काय? बाकावरील आपली जागा अद्याप आपलीच आहे, हे त्यास कोणी कळवते काय? माझ्या मते हे काम भेटपत्राने होऊ शकते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. स्टेन्सिल हा शब्द आपणांस नवा नाही. माझ्या वयाच्या शिक्षकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री मेणकागदावर प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल कापली आहे आणि सायक्लोस्टाईलच्या यंत्राची शाई सदऱ्यावर सांडूनही घेतली आहे. तत्त्व तेच: जेथे छिद्र तेथे रंग, जेथे आड तेथे कोरे. तांदळाच्या गोणीवरील मार्का, खोक्यांवरील अक्षरे, जत्रेत विकावयास येणाऱ्या रांगोळीच्या छापाच्या चाळण्या, हे सारे या एका तत्त्वाचेच विस्तार आहेत. मुलांना प्रथम अशा वस्तू शोधून आणावयास सांगावे. भिवंडीच्या गोदामांतून बाहेर पडलेले एखादे खोके तर प्रत्येक घरात सापडेल.

स्टेन्सिलसाठी विकतचे साहित्य नको. जुन्या दिनदर्शिकेचा गुळगुळीत कागद, फाईलचे पुठ्ठे, किंवा सर्वांत उत्तम म्हणजे टाकून दिलेली एक्स-रे फिल्म घ्यावी. फिल्म रंगाने भिजत नाही, पुसून पुन्हा वापरता येते व वर्षानुवर्षे टिकते. साधा कागद असल्यास त्यावर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासावी, म्हणजे तो ओल लवकर धरणार नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा मात्र या कामास निरुपयोगी. त्याची कड कधीच स्वच्छ कापली जात नाही. तो कापताना खाली अंथरण्यास ठेवावा. पात्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. लहान वर्गांच्या हाती बोथट कात्रीच द्यावी. कागदाची घडी घालून कात्रीने काढलेली नक्षीही चांगली स्टेन्सिल होते, आणि समान भागांचा व सममितीचा पाठ त्यातच होऊन जातो.

येथे आपल्या लिपीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अडचण बहुधा तेथेच येते. अक्षर कापून काढताना त्यातील बंद पोकळीचा तुकडा गळून पडतो. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" यातील "गोड" हा शब्द विनासायास निघतो; ग काय आणि ड काय, दोन्ही मोकळी अक्षरे. "बोला" मधील ब मात्र अडून बसतो. त्याच्या पोटातील गोलाकार तुकडा निसटला की ब च्या जागी नुसता डाग उमटतो. व, क, ठ, प यांचेही तसेच. म्हणून पोकळीतील तुकडा बाहेरच्या कागदाशी जोडून ठेवणारी बारीक पट्टी, एक दुवा, न कापता राखावा लागतो. शिरोरेषेचेही असेच आहे. सबंध शब्दावर ती अखंड कापली तर कागदास लांबच लांब चीर पडते आणि खालची अक्षरे लोंबू लागतात. प्रत्येक अक्षरानंतर रेषा किंचित तोडावी. कोणत्या अक्षरास दुवा लागेल आणि कोणत्यास नाही, हे चौथी-पाचवीच्या मुलांना फळ्यावर ओळखावयास लावा. वळणदार अक्षराचा याहून चांगला पाठ माझ्या पाहण्यात नाही.

रंग लावताना सर्वांची चूक एकच: रंग फार आणि पातळ. स्पंजचा किंवा चिंधीचा बोळा रंगात बुडवून आधी रद्दी कागदावर टिपावा, जवळजवळ कोरडा करावा, आणि मग छिद्रावर सरळ वरून खाली ठोकावा. कुंचल्यासारखा ओढू नये. ओढला की रंग कडेखाली झिरपतो. पहिलीदुसरीसाठी याहून सोपे काम म्हणजे पानाचे: आपट्याचे वा कुड्याचे पान कागदावर ठेवावे, जुन्या दातांच्या ब्रशाने रंगाचे शिंतोडे उडवावे, पान उचलावे. पानाचा कोरा आकार मागे राहतो. येथे छिद्र नाही, आडच आहे. हा उलट न्याय मुलांच्या ध्यानात आपोआप येतो.

वारली चित्रांविषयी मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची ती माणसे स्टेन्सिलीत सहज बसतात, म्हणून बाजारात त्यांचे तयार साचे मिळतात. परंतु डहाणूकडील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ती साच्यासाठी नव्हे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या आकृतींचा जीव हाताच्या हलत्या रेषेत आहे. शंभर माणसे एकाच साच्यातून काढली म्हणजे तारपानाच थांबलाच. ज्या वर्गात वारली मुले आहेत तेथे माणसे मुलांनी हाताने काढावीत. हवी तर कडेची वेलबुट्टी स्टेन्सिलीने करावी.

आता उठावाविषयी. यात शाई नाही, रंग नाही. कागदालाच आकार देऊन वर आणावयाचे असते. दाखल्यावर दाबलेला कोरा शिक्का आपण पाहिला असेल. त्याचाच हा घरगुती प्रकार. भेटपत्राच्या दर्शनी बाजूवर स्टेन्सिल चिकटपट्टीने बसवावी, दोन्ही मिळून उलटे करावे, खिडकीच्या काचेवर धरावे. उजेडाने छिद्रांच्या कडा कागदातून दिसू लागतात. मग शाई संपलेल्या बॉलपेनाने किंवा विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने त्या कडांच्या आतून हळूहळू दाबत फिरावे. एकदम जोर करू नये; तीनचार फेऱ्यांत कागद छिद्रात उतरतो व दर्शनी बाजूस फुगून येतो.

यातील क्रम चुकला तर काय होते, हे मी अनुभवाने सांगतो. शिक्षक म्हणून माझी पहिली काही वर्षे चालू होती. मी स्टेन्सिल टेबलावर सुलट ठेवली, तीवर कागद ठेवला, आणि सबंध वर्गाकडून दुपारभर घासून घेतले. सुमारे 30 भेटपत्रे तयार झाली व उचलून पाहतो तो प्रत्येकावर "शुभ संक्रांत" उलटे! कारण उघड होते: ज्या बाजूने आपण दाबतो, तिच्या पलीकडच्या बाजूने ते वाचावयाचे असते. मी वरमलो. एक मुलगी मात्र म्हणाली, "गुरुजी, आरशात बघितलं की सरळ येतंय." तिची ती दुरुस्ती माझ्या सबंध पाठटाचणापेक्षा मोलाची होती.

दृष्टिहीनांसाठी पाटी आणि टोच्याने ब्रेल लिहितात, तेव्हा हाच नियम जाणूनबुजून पाळला जातो. लिहिणारा उजवीकडून डावीकडे ठिपके टोचत जातो, कागद उलटतो, आणि वाचणारा डावीकडून उजवीकडे बोट फिरवतो. सहा ठिपक्यांची ही लिपी देणारे लुई ब्रेल 1852 च्या जानेवारीत वारले. आपल्या वर्गात अधू दृष्टीचे मूल असेल तर उठावाचे काम त्यास आवर्जून द्यावे. इतर मुले डोळ्यांनी तपासतात तो उठाव ते बोटाने तपासते, आणि पुष्कळदा अधिक बिनचूक तपासते.

त्याच 1852 साली, 1 जुलै रोजी, सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट निघाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि हे तिकीट काढणारे आयुक्त बार्टल फ्रियर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. "सिंध डाक" या नावाने ओळखले जाणारे हे तिकीट छापील नव्हते, उठावाचे होते. प्रथम ते तांबड्या लाखेसारख्या पदार्थाच्या टिकलीवर दाबले. ती ठिसूळ निघाली व तडकू लागली. मग पांढऱ्या कागदावर रंगाविना दाबले. ते दिव्याच्या उजेडात नीट दिसेना. शेवटी निळा रंग घेतला. 1854 मध्ये सर्व देशासाठी छापील तिकिटे आल्यावर हा प्रकार बंद पडला. मला ही हकीकत फार आवडते, कारण आपल्या मुलांनाही याच दोन अडचणी येतात: कागद फाटतो, आणि फाटला नाही तर दिसत नाही.

कागद फाटतो तो त्याच्या आखूड तंतूंमुळे. वर्तमानपत्राचा कागद उठाव सोसत नाही; चित्रकलेचा जाड कागद सोसतो; आणि सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद सर्वांत उत्तम सोसतो, कारण त्याचे तंतू लांब असतात. पुण्यास 1940 मध्ये हातकागद संस्था स्थापन झाली. तेथील कागद ज्यांनी हाताळला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हातकागद न मिळाला तरी साधी युक्ती आहे. जाड कागद ओल्या फडक्यात क्षणभर गुंडाळावा व दमट असतानाच दाबावा. वाळताना तंतू त्याच आकारात बसतात आणि उठाव टिकतो. खिडकीस काच नसलेल्या शाळेत दुसरी रीत आहे: पुठ्ठ्यावर डिंकाने जाड सूत चिकटवून पतंगाचा किंवा हलव्याच्या दाण्यांचा ठसा करावा, वाळू द्यावा, त्यावर दमट कागद ठेवून कापडाच्या बोळ्याने दाबावा. भिवंडीच्या मागांजवळ सूत कोणास विकत घ्यावे लागणार?

न दिसण्यावर उपाय फ्रियरसाहेबांचाच. मेणखडू आडवा धरून उठावावरून अगदी हलका फिरवावा. उंच भागच रंग धरतो. भट्टीवरच्या झोपडीत संध्याकाळी उजेड तो किती? पांढऱ्यावर पांढरी नक्षी तेथे कोण पाहणार?

गरम करून फुगणारी उठावाची भुकटीही बाजारात मिळते. ती महाग आहे, तिला तापलेले साधन लागते आणि मुले भाजतात. तिच्या वाटेस जाऊ नये.

मापाचे एकच सांगतो. ए-चार आकाराचा ताव 210 × 297 मिलिमीटरचा असतो. तो मधोमध कापून प्रत्येक तुकड्याची घडी घातली की 105 × 148 मिलिमीटरची दोन भेटपत्रे होतात. घडीच्या जागी पट्टीने आधी बोथट रेघ ओढावी, नाहीतर जाड कागद वाकडा मोडतो.

आत काय लिहावे? नुसते "गोड बोला" पुरे नाही. भाषेचा कोणता पाठ चालू आहे, पाढे कोठवर आले, कबड्डीत कोण जिंकले, शाळेच्या आंब्याला मोहोर आला की नाही, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे. शुद्धलेखन आपण तपासावे, पण मजकूर बदलू नये. सोबत एक कोरे भेटपत्र घालावे, उत्तरासाठी. पाठवावयाचे कसे, हा खरा प्रश्न आहे. भट्टीला घरक्रमांक नसतो. गावी येजा करणारे नातेवाईक, मुकादम, किंवा त्या भागातील शाळेचे शिक्षक यांच्या हाती द्यावे. आपल्या केंद्रातील कोणती मुले कोणत्या भट्टीवर आहेत, ही यादी आजच पुरी करू.

काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखालील एका शाळेने असे केले. तिसरीतला एक मुलगा जूनमध्ये शाळेत आला, तेव्हा त्याच्या दप्तरात ते भेटपत्र होते. त्यावर सूर्याचा उठाव होता. बोट फिरवून फिरवून तो सपाट झालेला. तो मुलगा भेटपत्रामुळे परत आला, असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी त्याच्या वडिलांची उचल फिटली, हे खरे कारण. त्याच शाळेतून एका मुलीसही पत्र गेले होते. ती आली नाही, आणि तिचे कुटुंब पुढे कोठे गेले हे आम्हांस कळले नाही. वर्गाने तिचे नाव वर्षअखेरपर्यंत रोज पुकारले.

तर आता बोलणे पुरे. पलीकडच्या खोलीत कागद, जुन्या फिल्मा, सूत व संपलेली बॉलपेने मांडून ठेवली आहेत. खिडक्या दोनच आहेत, म्हणून निम्म्यांनी काचेवर व निम्म्यांनी सुताच्या ठशावर बसावे, अर्ध्या तासाने जागा बदलाव्या. प्रत्येकाने पहिले भेटपत्र आपल्या हजेरीपटावरील एका नावासाठी करावे. स्टेन्सिल दर्शनी बाजूला, आणि मग उलटे.