वार्धक्यांतील भूक

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या या मंगल दिवशीं पुढील रांगेंत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींकडे पाहून त्यांच्या ताटाविषयीं चार शब्द बोलावे, असें आम्हांस वाटतें.

आमच्या मातोश्री उतारवयांत अर्धी भाकरी खाऊन हात धूत. "भूकच नाहीं रे बाळा," असें म्हणत. आम्हांस तो त्यांचा संयम वाटला. चारचौघांत आम्हीं त्याची स्तुतीहि केली. पुढें बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकूं लागल्या, तेव्हां आमचे डोळे उघडले.

वयाबरोबर वास घेण्याची शक्ति मंदावते, म्हणून अन्न बेचव लागतें. जठर सावकाश रिकामें होतें. पोट भरल्याची वर्दी मेंदूस देणारा कोलेसिस्टोकायनिन नांवाचा स्राव वृद्धांत अधिक आढळतो. त्यांत दांत पडलेले, औषधें चालू आणि जोडीदार देवाघरीं गेल्यामुळें ताट एकट्याचें!

साठीनंतर शरीराची अन्नाची गरज थोडीथोडी उतरते, हें खरें. परंतु धोका निराळाच आहे. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या सुझन रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं तरुण व कांहीं वृद्ध पुरुषांस तीन आठवडे गरजेपेक्षां कमी अन्न दिलें आणि मग मनसोक्त खाण्याची मोकळीक दिली. तरुणांनीं अधिक जेवून झीज भरून काढली. वृद्धांस तशी भूक लागलीच नाहीं. तरुण शरीराचा कांटा आपोआप मध्यावर येतो. वृद्धाचा जेथें ढकलला तेथेंच राहतो. म्हणून एखाद्या तापांत गेलेलें वजन आपोआप परत येईल, या भरंवशावर राहूं नये. त्या वजनाबरोबर स्नायूहि जातात. मग पायरी चढवत नाहीं, तोल जातो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ वृद्ध माणसें उपवासकाळांत तरुणांच्या बरोबरीनें उपवास धरतात. परंतु पवित्र सभेच्या १९८३ च्या धर्मनियमसंग्रहानुसार उपवासाचें बंधन साठावें वर्ष लागेपर्यंतच आहे. ही सवलत आईच्या मायेनें दिलेली आहे; ती घेण्यांत कमीपणा नाहीं.

तर मग करावें काय? महिन्यांतून एकदां वजन करावें. प्रयत्नावांचून सहा महिन्यांत किंवा वर्षांत शेंकडा ५, म्हणजे ५० किलोच्या माणसाचें अडीच किलो, वजन घटलें, तर "वयच झालें" म्हणून गप्प न बसतां डॉक्टरांस दाखवावें. थोडें थोडें, पण अनेक वेळां द्यावें. त्यांत अंडें, मासळी, डाळ, दूध असावें. आणि मुख्य म्हणजे शेजारीं बसावें. सोबतीनें माणूस चार घांस अधिक खातो.

आम्हींहि पुढें तसेंच केलें. मऊ भात, मासळीचें कालवण आणि शेजारीं एक नातवंड. गेलेलें सारें वजन परत आलें नाहीं; पण बांगड्या पुन्हां मनगटाशीं थांबल्या, आणि मातोश्री पुढचा नाताळ आमच्याबरोबर जेवल्या.

आज महोत्सवाच्या पंगतींत प्रत्येकानें एका वृद्धाशेजारीं बसावें, इतकीच विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.