राजीनाम्याआधींचा हिशेब



चांगल्या पगाराची नोकरी करणाऱ्या आईनें, मुलें लहान आहेत एवढ्यासाठीं, ती नोकरी सोडून घरीं बसावें काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अमरावतीच्या कॅम्पांत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेंत काय, हा प्रश्न आतां पुष्कळ घरांतून निघतो. ‘घरीं बसणें’ हा आपला रूढ शब्दप्रयोग. दोन लहान मुलांच्या आईला घरीं बसावयास किती मिळतें, हें ज्यानें त्यानें आपल्याच घरांत पाहून घ्यावें.

विवेचन हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण घेतें. माझी एके काळची एक विद्यार्थिनी आज राज्य सरकारच्या एका कचेरींत चांगल्या जागेवर आहे. कचेरी अमरावतीस, घर अकोल्यास. मध्यें सुमारें 100 किलोमीटरांचें अंतर. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘अपडाऊन’ म्हणतात, तें ती करते. पहाटे उठून डबे, मग गाडी, मूर्तिजापूर, बडनेरा आणि तेथून अमरावती. संध्याकाळीं हाच क्रम उलटा. 2022 च्या जूनमध्यें याच दोन शहरांमधील महामार्गावर 75 किलोमीटरांचा डांबरी पट्टा 105 तासांत अंथरून विश्वविक्रम झाला. विक्रमाचें मलाही कौतुक आहे. पण धाकटी झोपण्यापूर्वीं आई घरीं पोंचेल, एवढी हमी कांहीं त्या रस्त्यानें दिली नाहीं. थोरला 5 वर्षांचा, धाकटी 14 महिन्यांची. सासूबाई घरीं आहेत. परंतु गुडघे धरल्यामुळें दुडदुडत्या नातीमागें धांवणें त्यांना जमत नाहीं. एके रविवारीं ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, मी राजीनामा देऊं का?”

तिनें कागदावर आंकडे मांडून आणले होते. पगारांतून पाळणाघराचें शुल्क, मोलकरणीचा पगार, प्रवासखर्च वजा केला, कीं उरतें तें फारसें नाहीं, असें तिचें म्हणणें. हा हिशेब खोटा नव्हता. तो फक्त त्या महिन्याचा होता. राजीनामा पगारापुरता नसतो. त्याबरोबर ज्येष्ठता जाते आणि झालेली सेवा पुसली जाते. वीस वर्षांच्या सेवेनंतरची स्वेच्छानिवृत्ति ही वेगळी गोष्ट; तिच्यांत मागची सेवा जमेस धरतात. पुन्हां नोकरींत शिरावयाचें तर स्पर्धापरीक्षा आणि वयोमर्यादा दारांत उभ्या असतात. तिची पंचवीस वर्षांची नोकरी अजून पुढें आहे, आणि धाकटी दोन-तीन वर्षांत शाळेच्या वाटेला लागणार.

अर्थात् या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाहीं. बढती दोन वर्षांनीं मिळाली तरी चालतें. चौदा महिन्यांचें मूल पुन्हां चौदा महिन्यांचें होत नाहीं. तिनें हें बोलून दाखविलें नाहीं, पण रडूं आलें तें यासाठींच.

अशा वेळीं ताराबाई मोडकांचें नांव कोणीतरी घेतोच. ताराबाई (1892–1973) लग्नानें आपल्या अमरावतीच्या. त्यांचे पति वकील होते. 1921 सालीं उभयतां विभक्त झालीं. ताराबाईंच्या पदरीं लहान मुलगी होती. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचें प्राचार्यपद, म्हणजे त्या काळीं बाईमाणसाला दुर्मिळ असा मान, त्यांना मिळाला. आणि तो सोडून 1923 च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरांत काम करण्यास गेल्या. “पाहा, एवढी मोठी जागा त्यांनीं बालकांसाठीं सोडली!” असें म्हणून हा दाखला राजीनाम्याच्या बाजूनें दिला जातो. मला तो नेमका उलट वाटतो. ताराबाईंनीं पद सोडलें, काम सोडलें नाहीं. 1926 सालीं नूतन बालशिक्षण संघ, 1945 सालीं बोर्डीचें केंद्र, पुढें कोसबाड, आणि तेथूनच अंगणवाडीची कल्पना, एवढें त्यांच्या हातून पुढें झालें. शिवाय विभक्त झालेल्या बाईला आपल्या पायांवर उभें राहणें हा हौसेचा प्रश्न नव्हता. संसार मोडेल असें धरून कोणी संसार करीत नाहीं, हें मी जाणतें; पण वैधव्य, आजारपण, बेबनाव यांना कोणत्या घराचा पत्ता ठाऊक नसतो?

तेव्हां राजीनामा आणि अपडाऊन या दोहोंमध्यें जें कांहीं आहे तें आधीं पाहावें, असें मीं तिला सांगितलें. राज्य शासनानें 2018 सालीं महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. तिनें त्यांतला एकही दिवस घेतला नव्हता. “साहेब काय म्हणतील?” हें कारण! पति-पत्नी एकत्रीकरणासाठीं विनंतीबदलीचा अर्ज करतां येतो. तोही केला नव्हता. तिला नोकरी जड झाली नव्हती, अंतर जड झालें होतें.

कांहीं घरांत राजीनामाच योग्य ठरतो. मूल सदैव आजारी असेल, किंवा सांभाळणारें दुसरें कोणीच नसेल, तर मी त्याला नांवें ठेवणार नाहीं. मात्र तेथें पतीच्या मिळकतीचा ठराविक वांटा दरमहा पत्नीच्या नांवें जमा व्हावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे. आणि हेंही विसरूं नये कीं धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून निंदणाला लागणारी मजूर आई हा प्रश्न विचारूंच शकत नाहीं. तिनें राजीनामा द्यावयाचा कोणाला?

आणखी एक गोष्ट मीं तिला विचारली. तिचे पति अकोल्यासच एका महाविद्यालयांत शिकवितात आणि दुपारीं चार वाजतां घरीं येतात. “चारपासून तूं येईपर्यंत मुलें कोण पाहतें?” ती म्हणाली, “सासूबाई. हे चहा घेऊन बाहेर जातात.” 2017 च्या कायद्यानें कारखान्यांतल्या व खाजगी कचेऱ्यांतल्या आईची प्रसूतिरजा 26 आठवड्यांची केली, बापाला त्यानें एक दिवसही दिला नाहीं. कायद्याचें राहूं द्या. चार ते सात या वेळेला कोणाची मंजुरी लागत होती? आंकड्यांच्या त्या कागदावर बापाच्या वेळेचा रकानाच नव्हता. पुढच्या रविवारीं मीं दोघांनाही बोलावून घेतलें.

तिनें दोन महिन्यांची रजा घेतली. बदलीचा अर्ज गेला आहे; मे महिन्यांतल्या आदेशांकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. धाकटीला मात्र साडेसहाचा वरणभात आतां बापाच्या हातून मिळतो, आणि त्यांतला निम्मा दोघांच्याही अंगावर सांडतो, असें परवां सासूबाईंनीं मला तक्रारीच्या सुरांत सांगितलें.