साक्ष आणि हिशेब



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उपदेश हा माझा प्रांत नव्हे. ख्रिस्ताच्या साक्षीचा विषय निघाला की मला मात्र जामखेडचे हातपंप आठवतात.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे आरोग्यकार्य आरंभिले. दुष्काळी गावांत विंधणविहिरी घेताना हातपंप दलित वस्तीत बसावेत, असे त्यांनी पाहिले. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्याच दारी इतरांना पाण्यासाठी यावे लागले. १९७९ मध्ये उभयतांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. परंतु माझ्या मते साक्ष घडली ती पंपाची जागा ठरली त्या दिवशी.

आता आमच्या कार्यालयाविषयी. अहवाल वर्षात एका ऊसतोड मजुराच्या देयकात औषधांचे ६४० रुपये दोनदा लागले. चूक ध्यानी आली तेव्हा तो गावी परतला होता. ‘पुन्हा तपासणीस येईल तेव्हा देऊ,’ असे मीच म्हणालो. (मत्तय जकातदार होता, हे आम्हा हिशेबनिसांना मोठे आवडते, तो जकातनाक्यावरून उठला, हे आम्ही सोयीने विसरतो.) आमचे रोखपाल ख्रिस्ती नाहीत. सुटीच्या दिवशी एस.टी.ने जाऊन ते रक्कम देऊन आले. सोबत अंगठा उठविलेली पावती आणली; प्रवासखर्च मागितला नाही. ती पावती फाइलला लावताना मला माझीच लाज वाटली.

एप्रिलपासून अशी रक्कम आठ दिवसांत घरपोच करण्याचा नियम केला आहे. प्रवासखर्च संस्थेचा.